फोटोपुरतं सूनमुख

रव्याच्या डब्याच्या झाकणावर ठेवलेला मोबाईल थरथरला आणि सगळं घर वाजलं. स्टीलवर मोबाईल ठेवू नये एवढंही त्या दिवसांत माझ्या लक्षात राहत नसे. ऋजूचा नुकता कुठे डोळा लागला होता. दात येत होते, रात्रभर तिनं मला आणि मी तिला जागवलं होतं. तिला खांद्यावर तशीच सांभाळत मी ओट्याशी गेले.

"वैजू, बाळ झोपलंय का?"

"झोपलं होतं."

"मग हळू बोलतो," असं म्हणून शेटेकाका पुढचं सगळं नेहमीच्याच आवाजात बोलले.

शेटेकाकांचा विट्यात फोटो स्टुडिओ. लग्नाआधीपासून मी त्यांच्याकडे होते. बायकांच्या खोलीत शिरून फोटो काढणारी मुलगी म्हणून लोक मला मुद्दाम बोलवायचे. सातवा महिना लागला तेव्हा मी थांबले, आणि ऋजू भिंतीला धरून चालायला लागली तरी थांबलेलीच होते.

"आज दुपारचं लग्न आहे आणि मला चिकुनगुन्या. उठून बसायला दोन माणसं लागतायत, फोटो कसले काढतोय! व्हिडिओवाला आहे, तो त्याचं बघेल. तू फक्त फोटो."

"काका, आज? दुसरं कुणी..."

"तिथीच अशी आहे की तालुक्यात एक कॅमेरा रिकामा नाही. आणि ऐक. बाकी एखाददुसरा चुकला तर मी गोड बोलून निभावून नेईन. सूनमुखाचा चुकवू नकोस. आरशात सासू-सून दोघींचे चेहरे दिसले पाहिजेत. नवरामुलगा स्वतः येऊन सांगून गेलाय. तेवढा नीट आण, या सिझनची सगळी लग्नं तुझी." मग म्हणाले, "नाहीतर मला दुसरं माणूस ठेवायला लागेल गं पोरी. गुडघे काय आता ऐकत नाहीत."

मी "येते" म्हणाले. खांद्यावरच्या ऋजूनं डोळे उघडले.

धैर्यशील सूतगिरणीतून रात्रपाळी करून आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापूस होता. मी सगळं सांगितलं. ते पायातल्या चपला न काढता दारातच उभे होते.

"मग जा की. मी आहे."

"अहो, पण तुम्ही झोपणार कधी?"

"ही झोपेल तेव्हा."

"ही झोपत नाही."

"मग आम्ही दोघं जागू. काय गं?" त्यांनी ऋजूला विचारलं. तिनं त्यांच्या भुवईचा कापूस उपटला.

कपाटाच्या वरच्या कप्प्यातून मी फ्लॅश काढला. त्याला चार पेन्सिल सेल लागतात, चार्ज करायचे. माझ्याकडे अशा सेलचे दोन संच होते आणि चार्जर एकच. जुना संच मी स्वतः निवडलेला, शेटेकाकांबरोबर सांगलीच्या दुकानात उभं राहून. दुकानदार सारखा मोठ्या आकड्याचं पाकीट पुढे करत होता.

"काका, आकडा बघा ना," तो म्हणाला. "याच्याइतकी ताकद कशातच नाही."

"आकड्याचं काय लोणचं घालू? आज भरून ठेवला आणि दोन महिन्यांनी काढला, तर आत किती उरेल ते सांग."

"दोन महिने ठेवताच कशाला, काका?"

"आषाढात लग्नं तू लावतोस काय?"

शेवटी आम्ही लहान आकड्याचेच घेतले. 'पडून राहिला तरी धरून ठेवतो' असं काका त्या सेलबद्दल एखाद्या नात्यातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलले होते. आता त्या सेलवरचे रंगसुद्धा उडाले होते.

दुसरा संच धैर्यशीलनी आणलेला. मी बाळंतीण होऊन माहेरून परत आले त्या आठवड्यात. कुणाला न विचारता, दुकानातला सगळ्यात मोठा आकडा बघून. पेढे द्यावेत तसं ते पाकीट माझ्या हातात दिलं होतं. "तुला परत जायचं असेल तेव्हा तयार असावेत," म्हणाले होते, आणि त्याच दिवशी भरून, रबर लावून वर ठेवले होते. रबर अजून तसंच होतं.

"माझे भरलेलेच आहेत," ते आताही म्हणाले. "जुने लाव चार्जिंगला. दोन्ही ने."

काकांचं बोलणं मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण नवं ते नवं, असंही वाटलं. आणि ते रबर लावलेले चार सेल हातात घेऊन तो झोपेला आलेला माणूस इतक्या समाधानानं उभा होता, की चार्जरमधले जुने काढून त्यात नवे घालायला माझा हात होईना. जुने लावले. ऋजूला पाजायला बसले तोवर लाईट गेली. ती आली तेव्हा निघायची वेळ झाली होती.

मी निघाले तेव्हा ऋजू रडली नाही. वडिलांच्या कडेवरून तिनं मला टाटा केला. रडली असती तर बरं वाटलं असतं.

मुहूर्ताचे फोटो जुन्या सेलवर निघाले. मंगलाष्टकं संपता संपता फ्लॅश रेंगाळायला लागला. एक फोटो काढला की पुढचा लाल दिवा लागेपर्यंत नुसतं उभं राहायचं. दिवा लागला म्हणजे फ्लॅश भरला, तोवर बटण दाबून उपयोग नाही. मला वाटलं, असू दे, महत्त्वाच्या वेळेला नवे आहेत. मी खरोखर ते राखून ठेवत होते, पाहुण्यांसाठी ठेवतात तसे.

सूनमुखाला फ्लॅशची पूर्ण ताकद लागते. समोरून मारला तर आरशात पांढरा गोळा होतो आणि दोन्ही चेहरे जळून जातात. तो छताकडे वळवावा लागतो, म्हणजे उजेड वरून सांडल्यासारखा खाली येतो. एवढ्या उंच हॉलमध्ये तेवढा उजेड खाली आणायचा तर सेल भक्कम पाहिजेत.

अक्षता पडल्या, लोक जेवणाच्या दिशेनं सरकले, आणि कुणाचं तरी लेकरू भुकेनं रडलं. माझं नव्हतं. पण मला पान्हा आला. ओढणी पुढे ओढली तरी कुडता भिजलेला लपेना. गळ्यात कॅमेरा, खांद्याला बॅग, आणि उभं राहायला एक भिंत सापडेना.

"इकडं या." स्टेजमागच्या खोलीच्या दारात एक बाई उभी होती. फिक्या राखाडी रंगाची साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. "आत या. कडी लावून घ्या. मी बसते दाराशी."

"तुम्हाला कसं..."

"मलाही पोरं झालीत की."

तिनं एक लोटी पुढे केली आणि पाठ फिरवून दाराला टेकून बसली. मी कोपऱ्यात बसून दूध काढत होते. ती माझ्याशी बोलत होती, पण बघत नव्हती.

"लेकरू केवढंय?"

"वर्षाचं होऊन गेलंय."

"कुणाजवळ ठेवलंय?"

"त्याच्या... तिच्या वडिलांजवळ."

"बरंय की मग." थोड्या वेळानं म्हणाली, "आमचे हे पोराला घ्यायला भ्यायचे. मान धरता येत नाही म्हणायचे. अन् नंतर घ्यायला शिकले, तर राहिलेच नाहीत."

मी कपडे सावरून वळले तेव्हा तिच्या मांडीवर आरसा होता. पदरानं पुसत होती. चौकटीवर पानांची वेल होती.

"छान आहे."

"मीच आणला, सांगलीहून. संग्रामला म्हटलं, दुसरं काय नको, आरसा मी आणणार."

संग्राम म्हणजे नवरामुलगा. म्हणजे ह्याच त्या. मी लगेच कामाला लागले. "मावशी, मग तुम्ही अशा बसा, नवरी तुमच्या डाव्या हाताला, आणि आरसा जरा तिरका..."

"मी न्हाई बसायची," ती शांतपणे म्हणाली. "थोरल्या जाऊबाई बसतील."

तेव्हा माझं तिच्या कपाळाकडे लक्ष गेलं. बारीक काळी टिकली. गळा मोकळा.

"पण नवरदेवानं तर..."

"त्यानं लई भांडून बघितलं. पोरीनंपण. मीच म्हटलं, लग्नाच्या घरात तोंडं वाकडी नकोत." ती परत आरसा पुसायला लागली. पुसण्यासारखं त्यावर काही उरलं नव्हतं. "त्यात काय? आरसा तर माझाच हाय."

बाहेरून "सिंधू! ए सिंधू, आरसा आण!" अशी हाक आली. ती उठली. मी फ्लॅश उघडून जुने सेल बॅगेच्या खिशात टाकले, नव्यांचं रबर काढलं, चारही आत बसवले. लाल दिवा लागला. जरा उशिरा लागला, पण लागला. खात्रीसाठी छताकडे एकदा उडवून बघितलं. लख्ख उजेड पडला. मनात म्हटलं, शाब्बास, सूतगिरणीवाले.

थोरल्या काकू, म्हणजे शालनकाकू, पाटावर बसल्या होत्या. नवरी मयूरी शेजारी. बायकांचा गराडा. "बघा बघा, सासूबाईंनी तोंड बघा!" काकूंनी आरसा धरला. मी तिरकी वाकले. दोन्ही चेहरे चौकटीत आले. बटण दाबलं.

काळोखा फोटो. फ्लॅश उडालाच नव्हता.

पुन्हा दाबलं. लाल दिव्याची जागा मेलेल्या डोळ्यासारखी. तोवर काकूंनी नवरीच्या तोंडात साखर घातली होती, गळ्यात चेन घातली होती, बायकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

"झालं ना गं फोटोवाले?" काकू गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"नाही हो. फ्लॅश... परत एकदा बसता का?"

"परत?" त्या हसल्या, मग थांबल्या. "अगं बाई, सूनमुख काय दोनदा बघत्यात? एकदा बघितलं ते बघितलं. मी न्हाई बाई परत बघायची, नाट लागंल."

"काकू, प्लीज. फक्त फोटोपुरतं."

"फोटोपुरतं दुसऱ्या कुणाला तरी बसव. मला गोळ्या घ्यायच्यात जेवून."

आणि त्या गेल्या. मी तिथेच उभी. रात्रीपासूनचं सगळं जागरण एकदम पायात उतरलं. काकांचा आवाज कानात, सिझन, दुसरं माणूस. घरी जागत बसलेला नवरा. कुडत्यावर वाळत चाललेला डाग. मला रडायलाही कंटाळा आला होता.

नवरदेवाचे मामा पंगतीच्या घाईनं आले. "काय अडलंय? फोटो? अरे मग बसवा की कुणालातरी अन् उरका! जेवणं थांबल्यात."

"कुणीही चालेल?" मी विचारलं.

"फोटोच हाय न्हवं? कुणीही बसा!"

मी संग्रामकडे बघितलं. मयूरीनंही त्याच्याकडेच बघितलं. तो भिंतीशी गेला. तिथे साड्यांच्या पिशव्या राखत त्याची आई उभी होती.

"आई, बस."

"येडा का काय? सोड."

"मामा म्हणाले, कुणीही."

"तुझा मामा म्हणू दे न्हाईतर..." तिनं बायकांकडे बघितलं. बायका एकमेकींकडे बघत होत्या.

"मावशी," मी म्हणाले, "फोटोपुरतंच आहे. हे काही खरं नाही."

हे ऐकून तिचा हात सैल पडला. ती पाटावर येऊन बसली, नीट मांडी न घालता, लगेच उठायचं असल्यासारखी. मागून कुणीतरी बजावलं, "सिंधू, साखर तेवढी भरवू नगंस हां. नुसती बस."

"न्हाई भरवत."

मी बॅगेतले जुने सेल परत घातले. अर्धवट भरलेले, सकाळभर राबलेले. छताकडे फ्लॅश वळवला आणि म्हणाले, "आरशात बघायचं. मी सांगेपर्यंत दोघींनी हलायचं नाही. सेल उतरलेत, वेळ लागेल."

सिंधूमावशीनं आरसा धरला. पहिल्यांदा तिनं स्वतःलाच बघितलं आणि पदर सारखा केला. मग आरसा जरासा वळला आणि तिच्या शेजारी मयूरी आली.

मंगलाष्टकांच्या स्पीकरचा कुणीतरी आवाज बारीक केला होता.

"झालं का?" मावशीनं ओठ न हलवता विचारलं.

"अजून नाही. दिवा लागायचाय."

आरशातली मावशी आरशातल्या मुलीकडे बघत राहिली. तिचे खांदे हळूहळू खाली आले. मांडी नीट घातली गेली.

"तुझ्या नाकावर तीळ हाय गं," ती म्हणाली.

"हो. लहानपणापासून."

"बघायच्या कार्यक्रमात दिसला न्हाई."

"तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंच कुठं? चहाच देत होतात सगळ्यांना."

मावशी हसली. आरशात दोघी हसल्या. मागच्या बायकांतलीही एक हसली आणि गप्प झाली.

"झालं का गं पोरी?"

"थांबा अजून जरा."

"लई वेळ लागतोय तुझ्या सेलला."

"दमलेत हो ते."

मग मयूरीनं हात लांब करून वाटीतली साखर चिमटीत घेतली. आरशातून नजर न काढता ती मावशीच्या ओठांशी नेली. मावशीनं तोंड उघडलं नाही. "मला न्हाई म्हणाल्यात," ती पुटपुटली.

"तुम्ही भरवायची नाही म्हणाल्यात. मला कुठं म्हणाल्यात?"

मावशीचं तोंड उघडलं आणि मी बटण दाबलं. वरून उजेड सांडला.

घरी आले तेव्हा धैर्यशील जमिनीवर आडवे होते आणि ऋजू त्यांच्या पोटावर पालथी पडून झोपली होती. ते जागेच होते. हलता येत नव्हतं म्हणून नुसते डोळे माझ्याकडे वळले.

"चालले का सेल?"

हो म्हणणार होते. पण फार दमले होते, तेवढं खोटंसुद्धा उचलवेना. "एकदाच उडाले. मग नाही."

"असं कसं? एवढा मोठा आकडा!"

"पडून पडून उतरले आतल्या आत."

"कुणी वापरले नाहीत तरी?"

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर पडले. ऋजूच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या हाताशेजारी. "सगळ्यांच्यात होतं असं," म्हणाले. "अधूनमधून काढून वापरावं लागतं."

त्यांनी ऋजूचं झबलं पाठीवर सारखं केलं. "मग तू जात जा," म्हणाले. "मी रात्रपाळीच मागून घेतो."

काकांनी फोटो संगणकावर उघडला तेव्हा सुजलेली बोटं टेबलावर ठेवून ते कितीतरी वेळ बघत बसले. "ही कोण बसलीय?" मी सांगितलं. "फोटोपुरतं म्हणालीस ना?" "हो." "मग ठीक आहे," ते म्हणाले आणि डायरी माझ्याकडे सरकवली. त्या सिझनची लग्नं मी केली, आणि पुढचीही. त्या फोटोचं कौतुक होतं तेव्हा मी सेलचा दोष सांगते. लोकांना ते पटतं. काकांनाही पटलं होतं. एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितलेली नाही. लाल दिवा केव्हाच लागला होता. मावशीनं तीळ बघितला त्याच्याही आधी. माझं बोट बटणावर होतं, आणि मी म्हणत होते, थांबा अजून जरा.

आता स्टुडिओ मीच उघडते. तो फोटो दारासमोर टांगलाय. मोठ्या आकड्याचे ते चार सेल ऋजूच्या खेळण्यातल्या गाणाऱ्या बेडकात बरीच वर्षं होते. ती शाळा सुटली की इथेच येते, खुर्चीवर उलटी बसून गृहपाठ करते. परवा पेन्सिल चावता चावता तिचं लक्ष त्या भिंतीवर गेलं.

"आई, ही आजी काय करतेय?"

"सुनेचं तोंड बघतेय. आरशात."

"खरं खरं?"

"खरं खरं दुसऱ्या एका आजींनी बघितलं, आधीच. हे आपलं फोटोसाठी."

"म्हणजे खोटं खोटं? भातुकलीसारखं?"

"हं. तसंच."

ती खुर्चीवरून उतरली. फोटोच्या अगदी जवळ जाऊन, काचेवर श्वास पडेपर्यंत बघत राहिली. मी गिऱ्हाइकाचे पासपोर्ट फोटो कापत होते. कात्री थांबली.

"पण आई, त्या दुसऱ्या आजींचा तर फोटोच आला नाही," ती म्हणाली. "आणि ही तर रडतेय. मग खरं खरं कुठलं?"